ट्यूबलाइटपुढचं पाकीट

आमच्या यांना हर्निया झाला तोही त्यांच्या स्वभावासारखाच, गुपचूप. एके दिवशी बनियन बदलताना मला दिसला. म्हटलं, "अहो, हे काय? कधीपासून आहे?" तर म्हणे, "असेल वर्षभर." वर्षभर! भाजीत मीठ जरा कमी पडलं तर माणूस निदान पापड तरी मागतो. हे तेही मागत नाहीत. चाळीस वर्षं संसार केला, पण यांना काय हवंय ते मला नेहमी अंदाजानेच ठरवावं लागलं. मी ते हौसेने ठरवत आले, हेही खरं.

परळच्या एका मोठ्या हॉस्पिटलात दाखवलं. ऑपरेशन करावं लागेल म्हणाले. तिथे आम्हाला ती डॉक्टर भेटली. लातूरकडची पोरगी, सर्जरी शिकत होती, डोळ्यांखाली काळी वर्तुळं आणि कानाला एक पेन अडकवलेलं, दुसरं केसांत. ती म्हणाली, "काकू, आमचा एक अभ्यास चालू आहे. साठीच्या पुढच्या, जिने चढून राहणाऱ्या माणसांना हर्नियाच्या ऑपरेशननंतर त्याच संध्याकाळी घरी पाठवलं तर बरं, की तीन दिवस वॉर्डात ठेवलं तर बरं, ते आम्ही बघतोय. तुम्ही भाग घ्याल का?"

मी म्हटलं, "मग बरं काय असतं?"

"तेच तर माहीत नाही ना."

"माहीत नाही? मग पगार कसला घेता तुम्ही लोक?"

ती हसली. रागावली नाही. मी असते तर रागावले असते. तिने शांतपणे सांगितलं की डब्यात क्रमांक घातलेली बंद पाकिटं आहेत. ऑपरेशनच्या सकाळी ज्या क्रमाने पेशंट आत येतील त्या क्रमाने एकेक पाकीट फोडायचं. आत "घरी" किंवा "वॉर्ड" लिहिलेलं असेल. कुणी निवडायचं नाही, पेशंटने नाही आणि डॉक्टरनेही नाही. तसं केलं तरच खरं काय ते कळतं. या अभ्यासावर तिची परीक्षा अवलंबून होती. वर्षभर ती याच्यामागे धावत होती, पेशंटांना महिनाभर फोन करून दुखतंय का, झोप लागते का, समाधानी आहात का, असं विचारत होती.

यांनी माझ्याकडे पाहिलं. मी सही करा म्हटलं. यांनी केली.

घरी आल्यावर मला जिना आठवला. आम्ही गिरगावात तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. "घरी" असं पाकीट निघालं तर? ताजे टाके घेऊन हा माणूस जिना कसा चढणार? आणि टाके सुटले तर हा सांगणार आहे का? हा तर वर्षभराने सांगेल! मला डोळ्यांपुढे रक्तच दिसायला लागलं. मी दिराला फोन केला.

माझा दीर काळाचौकीला राहतो आणि गणेशोत्सव मंडळाचा कार्यकर्ता आहे. त्याचं खरं काम काय ते अजून कुणाला नीट सांगता आलेलं नाही, पण मुंबईत असं एक ऑफिस नसेल जिथल्या कुणा माणसाच्या सासूला त्याने रांगेशिवाय दर्शन घडवलेलं नाही. त्या एका पुण्याईवर तो वर्षभर जगतो. सगळं ऐकून म्हणाला, "वहिनी, चिठ्ठी आहे ना? चिठ्ठी माणूसच ठेवतो. बघतो मी."

इथे मला एक कबूल करायलाच हवं. मी तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. परीक्षेला मी वर्गात आले की पोरं न सांगता शर्टाच्या बाह्या वर करून दाखवायची. एकदा एका मुलीने कंपासपेटीच्या झाकणावर प्रमेय कोरून आणलं होतं, तिला मी रडवून बाहेर काढली होती. तीच मी दिराला म्हणाले, "बघ बाबा, जमलं तर वॉर्डचं बघ." जिभेला हाड नाही म्हणतात, माझ्या मनालाही नव्हतं.

वॉर्डात एक मामा होते. हॉस्पिटलात वॉर्डबॉयला मामाच म्हणतात, मग तो विशीचा का असेना. पाकिटांचा डबा सिस्टरच्या कपाटातून आणून देणं हे मामांचं काम. दिराने त्यांच्या घरच्या पाच जणांना यंदा मुखदर्शनाचं वचन दिलं आणि मामांनी ऑपरेशनच्या सकाळी त्याला कानात सांगितलं, "पहिलं पाकीट घरी आहे, दुसरं वॉर्ड. ट्यूबलाइटपुढे धरलं की अक्षर दिसतं. तुमचा पेशंट पहिला आहे. त्याला दुसरा करा."

झालं. आम्ही यांना संडासात बसवलं.

"नाव पुकारलं तरी बाहेर यायचं नाही. मी खोकलो की मगच यायचं," दिराने बजावलं. यांनी मान डोलावली आणि हर्निया धरून आत गेले. डॉक्टरने नाव पुकारलं. मी चेहरा पाडून म्हटलं, "अहो, पोट बिघडलंय त्यांचं. घाबरलेत." ती बिचारी म्हणाली, "असू दे काकू, होतं असं. मी पुढच्यांना घेते." पुढचे म्हणजे एक सत्तरीचे आजोबा होते, अगदी एकटे, हातात कापडी पिशवी. ते आत गेले, पाकीट फुटलं, बाहेर आले. "घरी," म्हणाले आणि हसले. मला ते हसणं फार केविलवाणं वाटलं.

इकडे संडासाबाहेर तीन जण दार बडवत होते. दीर खोकला. दार उघडेना. पुन्हा खोकला. एक सिस्टर येऊन म्हणाली, "तुम्हाला कफ आहे का? वॉर्डात मास्क लावा." शेवटी मीच दार ठोकून ओरडले, "अहो, या आता!" तेव्हा हे बाहेर आले. चाळीस मिनिटं झाली होती. म्हणे, "खोकल्याचा आवाज आला, पण शेजारचाही कुणीतरी खोकत होता. खात्री नव्हती."

दुसरं पाकीट फुटलं. वॉर्ड. दिराने मला अंगठा दाखवला.

दोघांचीही ऑपरेशनं नीट झाली. संध्याकाळी मी खिडकीतून पाहिलं तर ते आजोबा पिशवी घेऊन फाटकाशी टॅक्सीत बसत होते. एक हात पोटावर. बरोबर कुणी नाही. माझ्या नवऱ्याच्या वाटणीचं घरी जाणं मी या म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधलं होतं. तीन दिवस हे वॉर्डात आराम करत होते आणि मी उठून उठून त्या खिडकीतून फाटकाकडे बघत होते.

यांना घरी आणलं तेव्हा तिसऱ्या मजल्यापर्यंत दीर मागून आणि मी पुढून, अशी वरात निघाली. दुसऱ्या दिवशी डॉक्टरचा फोन आला. यांनी हात पुढे केला, पण मी म्हटलं, "तुम्ही पडा, मी सांगते." दुखतंय का, शून्य ते दहा? दोन. झोप? छान. समाधानी? हो तर, पूर्ण. ती खूश झाली. म्हणाली, "काकू, दोन्ही गटांतले सगळेच असं म्हणतायत!"

फोन ठेवला आणि मला राहवेना. वॉर्डात बोलता बोलता आजोबांनी आपली चाळ सांगितली होती, लालबागला मसाल्याच्या गिरण्यांच्या मागे. मुगाची खिचडी केली, डबा भरला आणि निघाले. मिरची कांडण्याचा खकाणा नाकात गेला, त्यामुळे चौथ्या मजल्यावर पोचले तेव्हा डोळ्यांतून पाणी वाहतच होतं. त्यातलं किती मिरचीचं आणि किती माझं, ते मलाही सांगता येणार नाही.

आजोबा खाटेवर उशीला टेकून बसले होते. एक शेजारीण बांगड्याचं कालवण वाढत होती, दुसरी भाकरी मोडून देत होती, आणि दारात दोन जण कॅरमचा बोर्ड घेऊन आजोबांचं जेवण कधी आटपतं याची वाट बघत उभे होते. माझ्या खिचडीकडे सगळ्यांनी फार दयेने पाहिलं.

मी सगळं सांगून टाकलं. पाकीट, संडास, दीर, सगळं. आजोबांनी भाकरी खाली ठेवली आणि इतके हसले की टाक्यांवर हात दाबून धरावा लागला.

"अगो बाये, रडतंस कित्याक? मामाक मीच सांगलेलंय. माका घराकडेच येवचा होता! दुसऱ्याच्या खाटेर माका झोप येना नाय."

मी तशीच खाली बसले. आजोबांकडून कळलं ते असं. मामांना माणसाचा पडलेला चेहरा बघवत नसे. कुणाला वॉर्ड हवा असला, कुणाला घर हवं असलं, की मामा अशा जोड्या जमवायचे आणि रांग पुढेमागे करायचे. महिनोन्महिने. मामा म्हणजे वधूवर सूचक मंडळच चालवत होते तिथे. मला आधी हायसं वाटलं. म्हाताऱ्याचं वाईट झालं नव्हतं. त्यांनी मला बळेबळे भाकरी खाऊ घातली. उतरताना दुसऱ्या मजल्यावर मला डॉक्टरचं बोलणं आठवलं, "सगळेच समाधानी," आणि माझा पाय तिथेच थांबला. समाधानी नसतील तर काय! ज्याला जे हवं तेच मिळालं होतं. त्या पोरीचं वर्षभराचं गणित पहिल्या पायरीलाच चुकलं होतं आणि तिला ते ठाऊकही नव्हतं.

दिराला सांगितलं तर तो भडकला. "वहिनी, डोकं फिरलंय का? मामाची नोकरी जाईल. आणि तिला कळणार कुठून?"

"तिला कळणार नाही, म्हणूनच सांगायचं रे," मी म्हटलं. दोन दिवस भांडलो. मी ठरवलं, मामांचं नाव तोंडातून काढायचं नाही, पण बाकी सांगायचं.

टाके काढायच्या दिवशी यांना घेऊन गेले. डॉक्टर आनंदात होती. सरांना तिने आकडे दाखवले होते आणि सर म्हणाले होते, परिषदेला पाठवू या. "काकू, घरी पाठवा नाहीतर ठेवा, काही फरकच पडत नाही! म्हणजे सगळ्यांना त्याच दिवशी घरी पाठवता येईल, खाटा मोकळ्या होतील."

मला एकदम दिसलं, पुढच्या वर्षी एखादी बाई आपल्या रडवेल्या म्हाताऱ्याला घेऊन जिन्याखाली उभी आहे, तिच्या हातात डिस्चार्जचा कागद आहे, आणि ते सगळं आमच्या त्या संडासामुळे. मी म्हटलं, "बाळ, जरा बस. आणि तुझं एखादं पाकीट आण."

तिने न फोडलेलं एक आणलं. "ट्यूबलाइटपुढे धर," म्हटलं.

तिने धरलं. बराच वेळ धरून ठेवलं. मग हळूच वाचलं, "घरी."

मी सगळं सांगितलं. कुणी केलं ते सांगणार नाही म्हटलं. "नाव नको," ती म्हणाली. "पाकिटं मीच आणली होती. मला वाटलं, पांढरं पाकीट म्हणजे बंद पाकीट." तिचे डोळे भरले. मग ती हसली, मग पुन्हा भरले. मी जन्मात इतक्या पोरांना पकडलं, पण अशी लाज मला कधी वाटली नव्हती. मी म्हटलं, "मला बोल तू काहीतरी. ओरड तरी." तर म्हणे, "नका हो काकू. इतक्या जणांनी फसवलं, सांगायला तुम्हीच आलात. परत पहिल्यापासून करावं लागेल. परीक्षा सहा महिने पुढे जाईल. आईला काय सांगू तेवढं बघायला हवं."

तिने केसांतलं पेन काढलं आणि कोरा कागद घेतला. "आता जे खरं झालं ते लिहून ठेवते. सरांना दाखवायला लागेल. ते आजोबा, त्यांना घर हवं होतं, घर मिळालं. तुम्हाला वॉर्ड हवा होता, वॉर्ड मिळाला. बरोबर?"

"बरोबर," मी म्हटलं.

तिने लिहायला घेतलं आणि थांबली. यांच्याकडे वळली. "काका, तुम्हाला काय हवं होतं?"

"त्यांना ना," मी सुरुवात केली.

"एक मिनिट काकू. काकांना बोलू द्या."

यांनी खिडकीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मला घरी यायचं होतं," म्हणाले.

मला धक्काच बसला. "मग बोलला का नाहीत? चाळीस मिनिटं संडासात बसलात, एक शब्द नाही!"

"तू घाबरली होतीस ना," हे म्हणाले. "महिनाभर तुझा डोळ्याला डोळा लागला नव्हता. म्हटलं, मी इथे राहिलो तर तीन दिवस तरी तू झोपशील."

डॉक्टरने पेन खाली ठेवलं होतं, ती काही लिहीत नव्हती. मी पदराने डोळे पुसले, पेन उचलून तिच्या हातात दिलं आणि म्हटलं, "लिही. यांना घरी यायचं होतं, असं लिही."