मधला पेला

माझा धाकटा भाऊ पुण्याजवळच्या एका लहान बिअर कारखान्यात चव घेण्याचं काम करायचा. नातेवाइकांना आम्ही तो खाद्यपदार्थांच्या कंपनीत आहे असं सांगायचो. त्याला जाऊन आता आठ महिने होतील. भेटायला येणारे त्याच्या आजारपणाबद्दल विचारतात. मला मात्र भोरच्या आमच्या स्वयंपाकघरातली एक दुपार आठवत राहते.

घशाला किरणं देऊन झाली, त्याला तेव्हा चार महिने झाले होते. सोमवारी त्याला कामावर हजर व्हायचं होतं. जीभ पूर्वीसारखी असेल तर चवीच्या टेबलावर, नसेल तर गोदामात. काय ते त्यानंच ठरवून सांगायचं होतं. कारखान्यात परीक्षा दिली असती तर ती सगळ्यांसमोर झाली असती. म्हणून तो शनिवारी माझ्याकडे आला. बर्फाच्या डब्यात दहा बाटल्या होत्या, प्रत्येकीला वर्तमानपत्र गुंडाळलेलं आणि वर एक ते दहा आकडे घातलेले. त्या त्याच्या एका मित्राने बांधल्या होत्या. कुठल्या आकड्यात काय आहे, ते एका चिकटवलेल्या पाकिटात होतं.

"ताई, तू पीत नाहीस, म्हणून तूच हवीस," तो म्हणाला.

रीत सोपी होती. दर फेरीला दोन बाटल्या आणि तीन पेले. दोन पेल्यांत एक बिअर, तिसऱ्यात दुसरी. वेगळा पेला कोणता, ते त्यानं सांगायचं. वेगळा कुठे ठेवला ते मी आधीच चिठ्ठीवर लिहायचं. रंग दिसू नये म्हणून स्टीलचे पेले घेतले आणि त्याच्या डोळ्यांवर पंचा बांधला. पाचपैकी चार बरोबर आल्या तर टेबल, असं त्यानं स्वतःशी ठरवलं होतं.

आई दाराशी बसली होती. ती डोंगरातल्या पासली गावची, भोरला येऊन चाळीस वर्षं झाली तरी बोलणं तिकडचंच.

"कडी लाव गं. शेजारीन साखर मागाय यायची, आन तिला हितं गुत्ता दिसायचा."

पहिली फेरी स्टाउटची, म्हणजे काळ्या बिअरची. त्यानं वास घेतला, घोट तोंडात फिरवला आणि वाटीत थुंकला. डॉक्टरांनी बिअर गिळायला मनाई केली होती.

"इकत आनायचं आन थुकायचं," आई म्हणाली. "लई शिकलास रं."

"पगार थुंकण्याचाच आहे, आई."

मग तो गंभीर झाला. "पहिला वेगळा. बाकी दोन्हींत करपलेल्या गुळाचा वास आहे, ह्यात नुसती कॉफी." बरोबर होतं. दुसरी फेरीही बरोबर आली. मधे मधे तो आईनं केलेल्या तांदळाच्या बिनमिठाच्या भाकरीचा तुकडा चावून जीभ कोरी करत होता. तिसरी फेरी आयपीए नावाच्या कडू बिअरची, आणि ती चुकली. कडूपणा सगळीकडे चघळलेल्या हिरड्यासारखा पसरतोय, असं तो म्हणाला. मी 'बरोबर' न म्हणताच पुढच्या बाटल्या उघडल्या, त्यावरून त्याला कळलं असावं. चौथ्या फेरीला त्यानं फार वेळ घेतला. एका पेल्यात पपनसाची साल आहे, म्हणाला, आणि तोच पेला वेगळा निघाला.

चारांत तीन. सगळं पाचव्यावर आलं.

नऊ आणि दहा आकड्यांच्या बाटल्या मी उघडल्या. नऊ नंबरची दोन्ही कडांना, दहा नंबरची मधे. त्यानं तिन्ही पेले दोनदा चाखले. मग म्हणाला, "तिन्ही एकच आहेत."

मी बावीस वर्षं शाळेत शिकवते. तोंडी परीक्षेत मुलगा अडखळला की आमच्या तोंडून आपोआप एक वाक्य निघतं. तेच निघालं.

"एकदा नीट बघ."

आणि मधला पेला मी त्याच्याकडे बोटभर सरकवला. ओट्यावर स्टीलचा आवाज झाला.

तो थांबला. पेला उचलून त्यानं पुन्हा चाखला. "मधला," तो म्हणाला.

"बरोबर," मी म्हटलं. "पाचात चार."

आई म्हणाली, "झालं न्हवं? आता जेवा."

त्यानं पंचा सोडला आणि खिशातलं पाकीट फाडलं. वाचलं आणि कागद माझ्यापुढे धरला. नऊ आणि दहासमोर एकाच आयपीएचं नाव होतं. एखादी फेरी अशी घालतात, तो सांगू लागला. फरक असणारच असं मनात धरून चाखणारा त्यात पकडला जातो. अशी एक फेरी आहे हे त्याला माहीत होतं. कितवी, ते नव्हतं.

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तुझ्या आवाजावरून ओळखलं असतं."

"पण तू आधी बरोबर म्हणाला होतास."

"म्हणालो आणि बदललं. पेला सरकल्याचं ऐकून बदललं." त्यानं चिठ्ठ्या उचलल्या, माझं अक्षर पाहिलं आणि परत ठेवल्या. "आता पहिल्या चारांचंही मला काही सांगता येत नाही."

त्या चारांत मी काहीही केलं नव्हतं. हे मी त्याला तेव्हा सांगितलं, रात्री सांगितलं, रविवारी तो गाडीत बसताना सांगितलं. पुन्हा परीक्षा घेऊ, म्हटलं. पण बाटल्या उघडून झाल्या होत्या आणि पाकीटही फोडलं होतं. सोमवारी त्यानं स्वतःहून गोदाम मागून घेतलं.

हिवाळ्यात दुखणं उलटलं. तो भोरला येऊन राहिला. एका संध्याकाळी तो आपणहून म्हणाला, "खरं सांग, किती बरोबर होत्या?"

"चारांत तीन. आणि पाचवी तू आधी सांगितलीस ती."

"शाळेतल्यासारखे वाढवून दिलेले मार्क?"

"नाही."

त्यानं मान हलवली. पटलं म्हणून, की मला बरं वाटावं म्हणून, ते कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी पुण्याला गेले आणि आयुष्यात पहिल्यांदा तसल्या दुकानात शिरून एक स्टाउट आणली. त्यानं चमचाभर घेतली, बराच वेळ तोंडात धरली. पूर्वी तो प्रत्येक बिअरला दहापैकी गुण द्यायचा; चारच्या वर फारशी कुठली जाऊ द्यायचा नाही.

त्यानं बोटांनी आठ दाखवले.

मी वाटी पुढे केली. पण त्यानं तो घोट गिळला.