सोजराबाईचा ढावलो

लग्न झालेली मुलगी सासरी निघताना आईच्या गळ्यात पडून जे रडगाणं गाते, त्याला बंजाऱ्यांच्या तांड्यावर ढावलो म्हणतात. वसमतजवळच्या या तांड्यावर नवऱ्या मुलींना तो शिकवायचा मान सोजराबाईचा. ढावलो पाठ करायचा नसतो, आपलं दुःख आपणच जुळवून गायचं असतं. सोजराबाई फक्त सुरुवात करून द्यायची. तिला स्वतःचं लेकरू नव्हतं, नवराही लवकर गेला, तरी लग्नसराईत तिचं घर पोरींनी भरलेलं असायचं.

चारेक वर्षांपूर्वी हळदीच्या एका कारखान्याचा टेम्पो तांड्यावर येऊ लागला. हळद घासायच्या फिरत्या ढोलापाशी लहान हात बरे, म्हणून पोरंच न्यायचे. संध्याकाळी ती परत यायची पिवळी होऊन, खोकत. शेजारच्या जनकाबाईची निलम तेव्हा चौदाची. एकदा तिची ओढणी ढोलात ओढली गेली; पोरगी वाचली, दोन बोटं गेली. जखम भरते न भरते तोच निलम पुन्हा टेम्पोत. याला मात्र कुणी अपशकुन म्हटलं नाही. आपली शकुन-अपशकुनाची मापं मोठी सोयीची असतात.

निलम पुन्हा चढली त्या सकाळी सोजराबाई टेम्पोपुढे उभी राहिली आणि तिनं पोरांच्या तोंडचा ढावलो लावला:

याडी, माझ्या आई, कुण्या घरी धाडतेस?
तिथं सासू नाही, नणंद नाही,
लोखंडाचा ढोल आहे, त्याला पोट आहे.
माझी बोटं त्यानं जेवली,
आता मलाच वाढतेस?

बायांना ऐकवेना. एकेकीनं आपलं लेकरू हाताला धरून खाली उतरवलं. टेम्पो रिकामा गेला, तो परत आला नाही.

पण बिनलग्नाच्या पोरींवर ढावलो गायला, हा अपशकुन, आता त्यांचं काही खरं नाही, अशी बोंब त्याच संध्याकाळी उठली. लग्नघरचं बोलावणं बंद झालं. समोर आलेली माणसं तोंड फिरवून जाऊ लागली. सोजराबाई एकटीच भाकर थापायची, एकटीच खायची. लग्नाचे दिवस आले की तिला घर खायला उठायचं.

यंदा निलमचं लग्न ठरलं. जनकाबाई स्वतः आली.

"पोरीला ढावलो येत न्हाई. तू ये. फकस्त तांड्याच्या नायकासमोर एकदा म्हण, तवाचं गाणं चुकलं."

इतक्या वर्षांत सोजराबाईच्या दारात आलेलं हे पहिलं माणूस.

"लेकरं उतरली न्हाई का गाडीतून?" ती म्हणाली. "मग चुकलं काहून म्हणू?"

जनकाबाई उठून गेली.

परवा निलम सासरी निघाली. आईच्या गळ्यात पडली, पण तिला एक शब्द फुटेना. सोजराबाई आपल्या दारात बसून ऐकत होती. पोरगी नुसतीच रडत होती.