शंकासुराचं वाण

काकू शंकासुराची बी उंबऱ्यावर घासायच्या. खर्र, खर्र. "ऊठ गं बाई, किती झोपशील?" टणक सालीला चरा पडला की बी रात्रभर कोमट पाण्यात. नुसती पेरली तर ढिम्म हलत नाही, असं त्यांचं म्हणणं.

मानपाड्याच्या आमच्या सोसायटीत त्यांचं दार आमच्या दारासमोर. शंकासुर तुम्हीही पाहिला असेल: चिंचेसारखी बारीक पानं, लाल-पिवळे तुरे. आमच्या गेटपाशी आहेत ते सगळे काकूंचेच.

दसऱ्याला त्या दुधाच्या पिशव्यांत बिया पेरत. संक्रांतीपर्यंत रोपं वीतभर होत. तेच त्यांचं हळदीकुंकवाचं वाण. प्लास्टिकचे डबे वाटणाऱ्या बायकांना विचारायच्या, "डब्याला कधी फूल आलंय का गं?"

मी कमी बोलते. शाळा इंग्रजी माध्यमाची, म्हणून मराठीत पटकन उत्तर सुचत नाही असं आई सांगते. खरं तर इंग्रजीतही सुचत नाही. काकू आईला म्हणायच्या, "हिलाही एकदा उंबऱ्यावर घासायला हवी."

मग एका श्रावणात काका गेले. तरी दसऱ्याला समोरून खर्र, खर्र ऐकू आलं. आई पुटपुटली, "आता कुणाला वाटणार आहेत?"

संक्रांतीनंतर आईने आमच्याकडे हळदीकुंकू ठेवलं. समोरच्या दारी बोलावणं गेलं नाही. दुपारी मला म्हणाली, "काकूंकडून रोपं घेऊन ये. वाया कशाला जायची?"

रोपं तयारच होती. प्रत्येक पिशवी ओल्या फडक्याने पुसून परातीत उभी केलेली.

"काकू, तुम्ही पण या ना," मी म्हटलं.

"आईने सांगितलंय?"

मी परात उचलायला वाकले.

"दोन्ही हातांनी धर," त्या म्हणाल्या. "माती सांडेल."

संध्याकाळी दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी रोप हातात घेतलं. "अय्या, शंकासुर! कुठून आणलीत हो?"

"नर्सरीतून," आई म्हणाली.

आमचं दार उघडं होतं. समोरचंही. मी गुलाबदाणी घेऊन उभी होते, समोरच्या दाराकडे पाठ करून. थोड्या वेळाने ते हळूच लोटल्याचा आवाज आला. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

परात रिकामी कशी द्यायची म्हणून आईने तीत तिळगूळ घालून मला पाठवलं. काकूंनी एक वडी तोंडात टाकली. "गोड बोला म्हणतात. तू नुसतं बोललीस तरी चालेल."

चैत्रात मुलगा त्यांना माजिवड्याला घेऊन गेला. उंच टॉवर, गॅलरी नाही. जाताना माझ्या हातात काड्यापेटी ठेवली. आत बिया.

यंदा पावसाळ्यात वाणातून उरलेल्या, आमच्या गॅलरीतल्या रोपाला तुरे आले. आई रोज त्यातली फुलं देवाला वाहते. परवा वहिनी दारात आल्या. "अहो, माझं रोपसुद्धा काय फुललंय! त्या नर्सरीवाल्याचा नंबर द्या ना."

"तो गेला आता दुसरीकडे," आई म्हणाली आणि आत जाऊन भांडी घासायला लागली.

वहिनी गेल्या. मी काड्यापेटी आणली, समोरच्या बंद दारापुढे जाऊन बसले आणि काकूंच्या उंबऱ्यावर बी घासली. खर्र, खर्र.

आमच्या स्वयंपाकघरातला नळ बंद झाला. आई बाहेर आली नाही. भांड्यांचा आवाजही पुन्हा आला नाही.