एकट्याची मागणी

मार्चचा शेवटचा गुरुवार. काम नेहमीचंच: तिमाहीभर ग्राहकांनी पाठवलेल्या मागण्या क्रमाने लावायच्या. आमचं सॉफ्टवेअर छोट्या कंपन्या रोजची कामं वाटून द्यायला वापरतात; पडद्यावर प्रत्येक कामाचं एक कार्ड असतं. या मागण्याही आम्ही त्यातच लावतो. कोणाला त्यात नवं बटण हवं असतं, कोणाला वेगळा रंग. आधी काय, नंतर काय, हे मी ठरवते, करंजाड्यातल्या माझ्या जेवणाच्या टेबलावरून. टेबलाला चार खुर्च्या आहेत. माझी सोडून तिन्हींवर कपडे वाळतात.

पद्धत मीच घालून दिलेली: फायदा किती, गुणिले माणसं किती. माणसं पाचापेक्षा कमी असली की मागणी 'नंतर'च्या रकान्यात जाते. तिथून आजवर काही परत आलेलं नाही.

त्या दिवशी एक मागणी होती: 'काम झालं की कार्ड लगेच गायब होतं. संध्याकाळपर्यंत राहू द्या.' आणखी कोणाला उपयोग होईल, या प्रश्नापुढे लिहिलं होतं: 'मी एकटाच.'

न्हावा शेव्याच्या बाजूला रिकामे कंटेनर दुरुस्त करणारं एक यार्ड आहे, तिथला कामं वाटून देणारा माणूस. कारण विचारल्याशिवाय मी काही खाली टाकत नाही, म्हणून फोन लावला.

"मॅडम, खरंच कंपनीतून बोलताय? मला वाटलं तो फॉर्म कोण वाचतच नाय."

"मी वाचते. अडचण सांगा."

"मालक संध्याकाळचा येतो. स्क्रीन बघतो, तर कोरी. बोलतो, दिवसभर माश्या मारल्यास का? आता बोलतो, पुढच्या महिन्यापासून मीच फोनवरून चालवीन, तुझी गरज नाय."

"झालेल्या कामांची नोंद राहते. मालकांच्या लॉगिनमध्ये दिसते."

"असंल. पण मालकाला मी कसा सांगू, माझं काम उघडून बघा म्हणून?"



दुपारच्या मीटिंगमध्ये मी ती मागणी वर घ्यायला सांगितली. आमचा पुण्यातला साहेब माझ्याहून वीसेक वर्षांनी लहान. म्हणाला, "मॅडम, एका माणसासाठी? नियम तुमचाच आहे ना." तो बरोबर बोलत होता. मागणी खाली गेली. सगळ्यांनी बाय म्हटलं, चौकोन एकेक करून बंद झाले, आणि पडद्यावर फक्त मी उरले.

संध्याकाळी खाली भाजी आणायला गेले. शंभर ग्रॅम गवार मागितली.

"ताई, एवढ्यात कढईचं बूड तरी झाकेल का?" भाजीवाली दरवेळी हेच विचारते.

"कढई छोटी आहे," मी म्हणाले.

मीटिंग सोडली तर त्या दिवशी मी दोघांशीच बोलले होते: ही आणि यार्डातला तो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ उरकून थेट यार्डाच्या मालकाला फोन केला. ग्राहकांना फोन करणं माझं काम नाही, पण मनाईही नाही. त्यांच्या लॉगिनमधली नोंद कुठे आहे ते सांगितलं आणि रोज संध्याकाळी ती आपोआप त्यांच्या फोनवर जाईल असं लावून घेतलं. फोन चालू ठेवूनच त्यांनी ती उघडली आणि खाली खाली सरकवत गेले.

"एवढे कंटेनर?" शेवटी म्हणाले. मग म्हणाले, "ठीक आहे. महिनाभर बघतो."

महिना तर महिना. मी आभार मानून फोन ठेवला, आणि मागणीवर 'झालं' दाबलं. कार्ड लगेच गायब झालं.