जकातघराचा उंबरठा, तिसरा मजला

कोकणातून निघालेली बस बंगळूरला पोहोचली तेव्हा माझ्या पिशवीत मोजपट्टी, अर्धवट नकाशा आणि आईनं कुणालाही द्यायला म्हणून दिलेली कोकमं होती. आमच्या गावचं जुनं जकातघर समुद्र दर पावसाळ्यात थोडंथोडं गिळतोय. ते पुरतं जायच्या आत कागदावर उतरवावं, एवढाच आम्हा चौघा मित्रांचा उद्योग. गाडी अडली उंबरठ्यापाशी. त्या दगडात कापड मोजायचा गज कोरलेला होता आणि इमारतही त्याच मापानं बांधलेली, असं म्हातारे सांगत. नेमका तोच एका जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्यानं बंगळूरला विकलेला.

रिक्षावाल्याला मी येण्याचं कारण सांगितलं. "सार, समुंदर? इधर तो तालाब भी ढूँढना पडता है," तो म्हणाला आणि कीव येऊन त्यानं मला आधी तट्टे इडली (ताटलीएवढी इडली) खायला घातली.

जे. पी. नगरमधल्या एका इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, उंबरठा सापडला. शेजारी गवंडी घण घेऊन बसला होता.

"अय्यो अण्णा, पाय देऊ नका!" घरातून पद्माक्का ओरडल्या. पिढ्यान्‌पिढ्या बंगळूरात नांदलेल्या मराठी घरातल्या त्या. दगड त्यांच्या मुलानं हौसेनं आणलेला. "ह्या होस्तिलुवर (उंबरठ्यावर) रोज मीठ पडतंय. वरच्या सरोजम्माची करणी. आज फोडूनच टाकायला सांगितलंय."

रोज हळदकुंकू वाहण्याआधी अक्का पाणी ओतून ते मीठ तारेच्या ब्रशनं घासून काढत. गजाच्या खुणा निम्म्या पुसल्या होत्या. समुद्राच्या तावडीतून सुटलेला दगड इथं बादलीभर पाण्यानं झिजत होता. मी रडायचाच बाकी होतो.

"अक्का, मीठ दगडातूनच येतंय, ओला होऊन वाळला की. आयुष्यभर खारं पाणी प्यालाय तो."

"दगड कुठं मीठ देतो?"

शेवटी दगड धुतला, त्यावर टेबलफॅन लावला आणि आम्ही सगळे जिन्यात तो वाळायची वाट बघत बसलो. सरोजम्मांना खाली बोलावून, हात दिसतील असं समोर बसवलं. दुपार झाली तसं अक्कांनी सगळ्यांना हुळी-अन्न (सांबारभात) वाढलं, संशयितालाही. भात संपत आला आणि दगडाच्या कडेला मिठाची पांढरी साय धरू लागली. सरोजम्मांच्या दोन्ही हातांत ताट होतं.

त्या कन्नडमधून काहीतरी म्हणाल्या.

"ती विचारतीय, मग माझ्या जिन्यात लिंबू कुणी ठेवलं होतं," त्यांनी मला सांगितलं आणि उत्तर न देता सरोजम्मांना आणखी भात वाढला.

गवंडी घण उचलून गेला. मोजपट्टीचं एक टोक अक्कांनी धरलं, दुसरं सरोजम्मांनी, आणि मी उरलेल्या खुणा उतरवून घेतल्या. कोकमं दोघींत वाटून दिली. निघताना अक्कांनी ब्रश केरात टाकला तेव्हा मला इतका आनंद झाला की मी त्यांच्या पाया पडलो, उंबरठ्याच्याही.

गावी पोहोचल्यावर तसाच पिशवीसकट किनाऱ्यावर गेलो. नकाशा पुरा झाला होता, पण ताडून बघायला आता समोर काहीच नव्हतं. मी नसताना जकातघराचा शेवटचा कोपराही समुद्रात गेला होता. तेवढ्यात अक्कांचा फोन आला.

"अण्णा, धुणं थांबवलं, कालपासून स्वल्पसुद्धा मीठ आलं नाही. तुमचा समुद्र बरा आहे ना?"

"बरा आहे अक्का," मी म्हटलं. "आत्ताच जेवून बसलाय."