समजाकाकांची दाताळ गिटार

समजाकाकांनी लेकीच्या गिटारला मेलेल्या माणसांचे दात बसवलेत, अशी गल्लीभर बोंब होती. सांगणारे डोळे मोठे करून सांगायचे, "पट्टीवरचे ते पांढरे ठिपके बघितलेस का? दाढा आहेत दाढा! हात लाव, गार लागतात." एकाने तर त्यातली एक किडलेली असल्याचंही छातीठोकपणे सांगितलं होतं.

खरी गोष्ट एवढीच, की समजाकाका कवळ्या बनवतात. दातांच्या डॉक्टरांकडून जबड्याचं माप येतं. काका प्लास्टरचा साचा पाडतात, मेण चढवतात, त्यात एकेक दात रचतात आणि शेवटी कवळी अशी घासतात, की तिच्यात तोंड दिसावं. गिटारवरचे ठिपके होते रंग न जुळल्यामुळे परत आलेल्या खोट्या दातांचे. कापून, चपटे करून काकांनी ते पट्टीत चिकटवले. मेलेल्या माणसाच्या तोंडात हात घालण्याची काकांची काय बिशाद! त्यांना जिवंत माणसाचीच धडकी भरते.

'समजा' हे त्यांचं नाव नव्हे. त्यांचं प्रत्येक वाक्य तिथून सुरू होतं, म्हणून ते चिकटलं. "समजा, गॅस चालू राहिला." "समजा, जिन्यात कुणी तेल सांडलं." "समजा, आपण असे बोलत बसलोय आणि डोक्यावरचा पंखा निसटला." हे शेवटचं वाक्य ते वर बघत म्हणतात. मग पाहुणा खुर्ची हळूच भिंतीकडे सरकवतो.

विजेचं मात्र त्यांना नुसतं भय नव्हतं. काका लहान असताना त्यांचा थोरला भाऊ ओल्या हातांनी टेबलफॅन सरकवायला गेला. काका त्याच खोलीत चित्र रंगवत बसले होते. पंखा नंतरही फिरतच राहिला होता. याबद्दल काका अवाक्षर काढत नाहीत. काकूंनी एकदा सांगितलं, तेही दार लोटून. घरात प्रत्येक स्विचबोर्डाशेजारी एक लाकडी फूटपट्टी लटकते. बटण दाबायचं ते तिने. पाहुण्यांनीसुद्धा.

अशा घरात छकुलीने जाहीर केलं, "बाबा, मला इलेक्ट्रिक गिटार हवी."

छकुली म्हणजे काकांची एकुलती एक. कॉलेजात गेली तरी छकुलीच.

"साधी आहे की तुझ्याकडे."

"साधी ड्रमपुढे ऐकूच येत नाही."

"मग ड्रमवाल्याला म्हणावं, हळू वाजव. त्याच्या कानालाही बरं."

"आई, बघ ना!"

काकू भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "अहो, नवी घ्यायची आपली ऐपत नाही, हे तिलाही कळतं. तिचा कुणी मित्र जुनी आणून देतोय म्हणे. आता तिच्या पोटात कसल्या वायरी आहेत, देव जाणे."

काकू सहज बोलून गेल्या, काकांना मात्र ते सगळं डोळ्यांसमोर दिसायला लागलं. कुणाची तरी जुनी. कुणी तरी, कधी तरी आत हात घातलेली. आणि तिला गळ्यात अडकवून उभी असलेली छकुली.

"मी बनवतो," काका म्हणाले.

काकूंच्या हातातली जुडी तशीच राहिली. काका स्वतःही दचकले. पण आता प्रत्येक वायर त्यांच्या डोळ्यांखालून जाणार होती. लोक म्हणतात, बापाला संगीताचं वेड. छे! ती गिटार जन्माला आली ती निव्वळ भीतीपोटी.

मग जिथून जे मिळेल ते गोळा झालं. एका दवाखान्याने मोडीत काढलेल्या दाराच्या फळीतून गिटारचं अंग कापलं. मान मिळाली ती एका अशा गिटारची, जिच्यावर तिच्या मालकाचे मेहुणे बसले होते. तारा पिळायच्या सहा चाव्यांपैकी चार चंदेरी आणि दोन काळ्या. तारांचा आवाज पकडणारा पिकअप रेडिओवाल्याच्या भंगारातला. रेडिओवाला म्हणजे काकांचा शाळासोबती, कोपऱ्यावरच्या दुकानात रेडिओ आणि अ‍ॅम्प दुरुस्त करतो. तारा ज्या खाचांवर टेकतात ती पट्टी विकत घ्यायची तर महाग, म्हणून काकांनी ती कवळीच्या मालातून घडवली. हिरड्यांसारखी गुलाबी! गिटार उभी केली की हसल्यासारखीच दिसायची. दाताळ.

रेडिओवाल्याने आवाज मोठा करणारा जुना अ‍ॅम्प आणला. काकांनी फूटपट्टीने बटण दाबलं आणि दारापर्यंत मागे गेले. अ‍ॅम्प गुणगुणू लागला. छकुलीने तारांवर हात ठेवला आणि गुणगुण चट्कन थांबली.

"सोड! हात काढ!" काका ओरडले. "तिच्या अंगातून चाललाय करंट!"

"अरे, उलट आहे ते," रेडिओवाला हसत म्हणाला. "तारांखाली एक बारीक वायर आहे, ती अर्थिंगला जाते. हात लावला की घरघर बंद. म्हणजे काम झकास झालंय."

"म्हणजे ती अर्थिंगला जोडली गेली."

"हो."

"आणि समजा, अर्थिंगच नसलं?"

रेडिओवाल्याचं हसू जरा ओसरलं. "मग भानगड. एक हात तारेवर, ओठ माईकला आणि अर्थिंग गायब, तर झटका बसू शकतो. पण सहसा नसतं रे तसं."

एवढ्या बोलण्यातला 'सहसा' तेवढा काकांनी घरी नेला. छकुली वाजवणारही होती आणि गाणारही होती. वाचनालयाच्या सभागृहात तिचा पहिला कार्यक्रम होता. काकांना जेवण जाईना. कवळी रचताना पुढचे दात मागे बसले. कार्यक्रमाच्या आदल्या दुपारी छकुली क्लासला गेल्यावर त्यांनी गिटारचं मागचं झाकण उघडलं आणि ती बारीक वायर कापून टाकली. आता छकुली कशालाच जोडलेली नाही, असं स्वतःला समजावत त्यांनी झाकण लावलं. स्क्रू सगळे सरळ बसले.

दुसऱ्या दिवशी कार्यक्रमाला निघताना जिन्यात आणखी एक प्रकरण झालं. वरच्या मजल्यावर एक नकलाकार पोरगी राहते. ती पायरीवर उभी राहून, खांदे पाडून, मैत्रिणींना समजाकाका करून दाखवत होती. "समजा, गिटार चालू आहे. समजा, मी बोट लावलं. समजा, माझी राख कुणी भरायची?" मैत्रिणी अचानक खिदळायच्या थांबल्या. मागे काका उभे होते, हातात अवजारांची पेटी.

पोरगी निगरगट्ट. म्हणाली, "काका, पैज! चालू गिटारला तुम्ही बोटसुद्धा लावणार नाही."

"आणि समजा, लावलं?"

"महिनाभर तुमची नक्कल बंद."

"बरं," काका म्हणाले आणि खाली उतरले. बोट लावायचा त्यांचा तिळमात्र विचार नव्हता.

सभागृहात छकुलीने गिटार जोडली आणि असा घरघराट सुटला, की ड्रमवाला म्हणाला, "ए, मोहोळ आणलंयस का?" तिने तारांवर हात ठेवला. घरघर चालूच. पुन्हा ठेवला. मग ती खाली बसली आणि नाण्याने मागचे स्क्रू काढले. वायर कापलेली होती. कापलेल्या टोकावर गुलाबी मेणाचा थेंब होता, मोत्यासारखा गोल. तसं मेण लावणारा माणूस एकच.

"बाबा."

काका पडद्याजवळ उभे होते. "समजा..."

"समजा नको. तुम्ही कापलीत?"

"हो."

तिचे डोळे भरले, पण आवाज चढला नाही. त्याचीच काकांना जास्त भीती वाटली. "सगळे दाताळ म्हणून हसतात हिला. मी म्हणायचे, हसू देत, माझ्या बाबांनी केलीय." तिने नाक पुसलं. "राहू दे. तो माझा मित्र देतोय त्याची."

कोपऱ्यात एक जुनाट गिटार टेकून ठेवली होती. तिच्या पोटावर चिकटपट्ट्यांचे थर होते आणि एका फटीतून लाल वायर बाहेर डोकावत होती.

काका पेटी घेऊन पुढे आले. "जोडतो," ते म्हणाले. "आत्ता जोडतो. पण आधी अर्थिंग बघू दे."

सभागृहाच्या वायरमनने हे ऐकलं. "काका, इथे रोज कार्यक्रम होतात. एक माणूस दगावला असेल तर नाव बदलीन!"

पेटीत रेडिओवाल्याने दिलेला टेस्ट लॅम्प होता, म्हणजे होल्डरमधला एक बल्ब आणि त्याला दोन लांब वायरी. काका रबरी चटईवर उभे राहिले. सॉकेटाच्या खालच्या दोन भोकांत त्या घातल्या, बल्ब लागला. मग एक वायर वरच्या मोठ्या भोकात, अर्थिंगच्या; अर्थिंग असेल तर इथेही बल्ब पेटायला हवा.

अंधार.

वायर निसटली असेल म्हणून पुन्हा घातली. अंधारच.

"अर्थिंगची वायर सुटली असेल कुठे तरी," वायरमन पुटपुटला. नाव बदलण्याचा विषय त्याने काढला नाही.

काका स्टेजवरच खाली बसले. आयुष्यभर समजा समजा म्हणत आलो ते एकदाचं खरं निघालं, तर माणसाला निदान बरं वाटावं. काकांनी माईककडे बघितलं, मग गिटारकडे. इथे ओठ टेकणार होते. तिथे हात.

वायरमनच आता घाबरला होता. तोच धावत वाचनालयाच्या ऑफिसात गेला. तिथल्या सॉकेटावर बल्ब लख्ख पेटला. तिथून लांब वायर ओढली, अ‍ॅम्प आणि माईक दोन्ही तिच्यावरच घेतले. वायरच्या या टोकालाही काकांनी बल्ब लावून बघितला. पेटला. तरी पुन्हा बघितला. मग गुलाबी मेण नखाने सोलून वायरला सोल्डरचा डाग दिला.

छकुलीने गिटारला हात घातला. काकांनी पट्टा सोडला नाही.

"थांब."

आणि गिटार त्यांनी आपल्याच गळ्यात घातली. उलटी. त्यांना डावं-उजवं कुठलं कळायला! अ‍ॅम्प घरघरत होता. आधी बोटाची मागची बाजू तारेला निसटती लावली. मग डोळे मिटून अख्खा पंजा ठेवला.

घरघर थांबली. ती शांतता काकांना सर्वांत भयंकर वाटली. भाऊ गेला त्या खोलीत निदान पंखा तरी फिरत होता.

"बाबा, पुरे," छकुली हळूच म्हणाली.

काकांनी मान हलवली. पंजा तारांवर तसाच ठेवून ते माईककडे वाकले. ड्रमवाल्याच्या काड्या हवेतच थांबल्या होत्या. काकांचे ओठ जाळीला टेकले आणि सभागृहाच्या चारही भिंतींतून त्यांचा आवाज आला.

"समजा..." मग मोठा श्वास ऐकू आला. "समजा, काहीच झालं नाही."

काहीच झालं नाही.

छकुली गायली. सुरुवातीला आवाज कापला, मग लागला. ड्रमवाला काही हळू वाजवेना, पण दाताळ त्याच्या वरताण ऐकू येत होती. काका गाणं ऐकत नव्हते. गाणं संपेपर्यंत ते सॉकेटासमोर उकिडवे बसून होते, बटणावर फूटपट्टी टेकवून. वाटलंच काही, तर दाबायला.

कार्यक्रम संपल्यावर ते खाली उतरले. सदरा घामाने पाठीला चिकटला होता. पहिल्या रांगेसमोर थांबून त्यांनी एक बोट वर केलं.

"एक महिना."

वरच्या मजल्यावरची ती निगरगट्ट नकलाकार म्हणजे अस्मादिक. तेव्हापासून तोंड शिवलंय. काका जिन्यात गाठतात, मुद्दाम थांबतात, म्हणतात, "समजा, या कठड्याचा खिळा निघाला..." आणि माझ्याकडे बघत वाट पाहतात. पोटात उकळ्या फुटतात, खांदे आपोआप पडायला लागतात, पण शब्द म्हणजे शब्द.

लिहायचं नाही, असं मात्र काही ठरलं नव्हतं.