टांगेवाल्याचा वाचक

डहाणू रोडच्या वाचनालयात खिडकीपाशी एक गृहस्थ रोज एकच जुनी, गाजलेली कादंबरी घेऊन बसायचे. सदऱ्याच्या खिशात चिकू असायचा. तो पिकलाय का, हे वाचता वाचता अंगठ्याने चाचपायचे. नायकाची पानं सरळ उलटायचे आणि नायिकेला माहेरी सोडून कथेतून कायमचा निघून जाणाऱ्या टांगेवाल्यापाशी येऊन थांबायचे.

"नायकाचं नाही वाचत?" मी एकदा विचारलं.

"त्याची काळजी घ्यायला लेखक आहे ना," ते म्हणाले. "टांगेवाल्याला कोण आहे?"

मी कॉलेजात मराठी शिकवतो. पुढे तलासरीला 'गौण पात्रांचे महत्त्व' या विषयावर माझं व्याख्यान झालं. त्यात हे वाक्य 'एक वाचक म्हणतात' म्हणून मी ठेवून दिलं. टाळ्या पडल्या त्या तेवढ्याच वाक्याला. नंतर आभारप्रदर्शनात अध्यक्षांपासून खुर्च्यावाल्यापर्यंत सगळ्यांची नावं घेतली गेली.

बाहेर आलो तर दाराशी तेच गृहस्थ, चिकू चाचपत उभे.

"तुमचं नाव घ्यायला हवं होतं, पण मला ठाऊकच नाही," मी म्हणालो. "सांगा, या व्याख्यानाचा लेख करणार आहे, त्यात तरी घालतो."

"नको हो सर," ते घाईघाईने म्हणाले. "नाव दिलं की पुढच्या प्रकरणात काहीतरी करून दाखवावं लागतं. मला डहाणूची जीप पकडायचीय."

लेख छापून आला. त्यात त्यांना नाव नाही. लेखक म्हणून त्यांची एवढी काळजी मी घेतली आहे.